पान फिरवून बघ

मी पाचवीत होते त्या वर्षी मे महिन्यात आमच्या परड्यात विहीर खणायला घेतली. मालवण तालुक्यातलं आमचं गाव. समुद्र जवळ, पण घर सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उतारावर. सड्याचं पाणी पावसाळ्यात धो धो येतं आणि दिवाळीच्या पणत्या विझेपर्यंत आटून जातं. पंधरा दिवस गडी जांभा फोडत होते. जांभा संपला, खाली पांढरट-जांभळी चिकणमाती लागली, आणि तीही संपत आली तेव्हा एका दुपारी तळातून हाक आली, "कोळसो लागलो!"

तो कोळसा नव्हता. काळी, ओली, घट्ट माती होती. टोपली वर आली की कुजक्या पानांचा, साचल्या पाण्याचा वास परडंभर पसरायचा. बाबांना पाणी हवं होतं, ते काळजीत. मी मात्र त्या ढिगाऱ्यातच बसकण मारली. ढेकूळ दगडावर हलकेच आपटलं की पदरापदरानं सुटायचं, आणि पदरात काही ना काही असायचंच: काड्या, सालीचे तुकडे, एकदा तर मधाच्या रंगाचा राळेचा थेंब. मग एका ढेकळात ते निघालं. वीतभर खपलीवर मधली शीर, तिच्या दोन्ही अंगांना समोरासमोर लहान लहान दलं, टोकाकडे बारीक होत गेलेली. मी मोजली. अकरा जोड्या. ओरडतच खळ्यात धावले, "नेचा! नेचा सापडला!"

आजी खळ्यात कोकमं फोडत बसली होती. लालभडक हात लुगड्याला पुसून तिनं खपली घेतली, डोळ्यांजवळ नेली, उन्हाकडे तिरपी धरली. मग परत देत म्हणाली, "पान फिरवून बघ गो, मगे नाव सांग."

मातीत रुतलेलं पान फिरवायचं कसं, हे मी तिला विचारलं नाही. पुढे वनस्पतिशास्त्र शिकले, पुष्कळ वर्षं शिकवलं, आता निवृत्त होऊन त्याच घरात राहायला आले आहे. आणि दगडातला नेचा, म्हणजे फर्न, ओळखायचा कसा, या प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर मला अजूनही तेच वाटतं.

आजीला झाडपाल्याचं कळायचं. कुणाच्या पोराला खोकला झाला की ती विहिरीच्या कठड्यावरून हंसराज आणायला मला पाठवायची, आणि मी आणलेली जुडी आधी उलटी करून बघायची. वरून नुसती हिरवीगार दिसणारी पानं कितीतरी असतात. खालून मात्र हंसराजाची कड आत मुडपलेली दिसते, साडीची कड दुमडून टीप घालावी तशी, आणि त्या दुमडीखाली तपकिरी रेघ. आंब्याच्या खोडावरच्या बाशिंग नेच्याच्या लांब पानाखाली गोल ठिपके, ओळीनं मांडलेले. कुंपणावर चढणाऱ्या वेलनेच्याच्या पानाला कडेनं कंगव्याच्या दात्यांसारखी झालर. खाडीकाठच्या उंच, चामड्यासारख्या पानांच्या नेच्याला तर ठिपकेच नाहीत. त्याच्या शेंड्याकडच्या दलांची सगळी खालची बाजू मखमलीसारखी तपकिरी. आजीला यातल्या कशाचंही शास्त्रातलं नाव ठाऊक नव्हतं. पण नेच्याचं नाव त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं हे तिला ठाऊक होतं.

त्या ठिपक्यांत काय असतं ते मी पहिल्यांदा पाहिलं कॉलेजच्या पहिल्या वर्षी. बाईंनी एक ठिपका सुईनं काचपट्टीवर सोडवला आणि म्हणाल्या, पाणी घालू नकोस, तशीच बघ. सूक्ष्मदर्शकाखाली पिकल्या गुंजांचा घोस ठेवल्यासारखं दिसलं. देठावर चकचकीत पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीला पाठीवरून जाणारं जाड पेशींचं कडं. दिव्याच्या उबेनं कडं वाळू लागलं तशी पिशवी हळूहळू तोंड वासत मागे वाकली, वाकत वाकत पार उलटी झाली, आणि एका क्षणात सटकन पूर्वपदावर आली. बीजाणू उधळले. नेच्याला बी नसतं, तो या धुळीसारख्या कणांपासूनच वाढतो. गोफण सुटावी तसं. मी दचकून डोळा काढून घेतला होता.

पुढे कळलं की हे कडं म्हणजे नेच्यांची कुळं ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण. वेलनेच्याच्या कुळात ते पिशवीच्या टोकाला टोपीसारखं बसतं. ग्लायकेनियाच्या कुळात आडवंतिरपं जातं. ऑस्मुंडाच्या कुळात पुरतं कडं नसतंच, एका अंगाला जाड पेशींचा नुसता ठिगळाएवढा पट्टा. आणि आज दिसणाऱ्या बहुतेक नेच्यांत ते उभं असतं, देठापाशी येऊन तुटलेलं. पिशवी मिलिमीटरचा लहानसा अंश, पण कोटी कोटी वर्षांत कुळानं आपलं कडं बदललेलं नाही. म्हणून दगडातल्या पानावर जर पिशव्या शाबूत असतील, आणि त्यांचं कडं दिसत असेल, तर बाकी पान कितीही फाटकं असलं तरी चालतं. त्या पिशवीत बीजाणू उरले असतील तर सोन्याहून पिवळं. काही बीजाणूंवर तीन फाट्यांची खूण असते, कारण चार भावंडं एकमेकांना टेकून तयार होतात आणि टेकल्याची वळं राहतात. काहींवर एकच सरळ रेघ. मातीत सुटे सापडणारे बीजाणू कुणाचे हे सहसा कळत नाही. पिशवीत सापडला की त्याला घर मिळतं.

अडचण अशी की पान दगडात दडलेलं असतं आणि दगड फुटतो तो त्याच्या मर्जीनं. फट जाते गुळगुळीत बाजूनं. पानाची पाठ ठिपक्यांनी खरखरीत, ती मातीला घट्ट धरून बसते. त्यामुळे खपली उघडली की बहुधा दिसतो तो पानाचा चेहरा, गुळगुळीत आणि मुका. जे बोलणार ते पलीकडे तोंड करून. यावर उपाय आहे, आणि तो मला फार देखणा वाटतो. दिसणारी बाजू काचेवर डिंकासारख्या पारदर्शक रसानं चिकटवायची आणि मागून दगडच विरघळवून टाकायचा. दगड गेला की पान काचेवर राहतं, पालथं. जॉन वॉल्टन यांनी १९२३ मध्ये ही रीत मांडली. एम.एस्सी.ला मी ती शिकले तेव्हा डोळ्यांपुढे आले ते आजीचे लाल हात.

पाठ न बघता नाव दिल्याचे परिणाम काय होतात याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. आपल्या चंद्रपूरकडच्या कोळशाच्या थरांत लांबट, जिभेसारखी पानं ढिगानं सापडतात. १८२८ मध्ये फ्रान्सच्या ब्रोंन्यार यांनी अशाच पानांना नाव दिलं ग्लोसोप्टेरिस, म्हणजे जिभेचा नेचा. नाव टिकलं. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, सगळीकडे तीच पानं मिळाली, आणि ही भूमी एके काळी एकसंध होती याचा तो मोठा पुरावा ठरला. एवढं सगळं झालं तरी त्या झाडाचं प्रजनन कसं होतं हा प्रश्न लोंबकळतच होता. जोहान्सबर्गच्या एडना प्लमस्टेड यांनी १९५२ मध्ये पानांना चिकटलेले फलनाचे अवयव दाखवले. हे झाड बीज धरणारं निघालं. सव्वाशे वर्षं नेचा म्हणून नाव मिरवलं, आणि नेचा नव्हताच.

इंग्लंडमधली गोष्ट त्याआधीची. तिथल्या कोळशाच्या थरांत नेच्यासारखी इतकी पानं की त्या काळाला नेच्यांचं युगच म्हणत. पण कित्येक जातींच्या पाठीवर कुणालाच कधी ठिपके दिसेनात. १९०३ मध्ये ऑलिव्हर आणि स्कॉट यांनी एका सुट्या बीजाच्या वेष्टनावर देठाच्या, गोल डोक्याच्या ग्रंथी पाहिल्या, आणि हुबेहूब तशाच ग्रंथी एका 'नेच्या'च्या खोडावर आणि पानावर. बीज पानाला लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं. नुसत्या ग्रंथींवरून त्यांनी ओळखलं की ही दोन्ही एकाच झाडाची. पोलिसांनी बटणावरून सदरा शोधावा तसं. त्या युगातले पुष्कळसे नेचे मग बीजनेचे ठरले, म्हणजे पान नेच्यासारखं पण बी धरणारी झाडं. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्याआधी ठिपके न मिळालेल्या पानांना काही अभ्यासक 'नेच्यासारखं' एवढंच म्हणून थांबले होते. थांबता येणं ही या विद्येतली मोठी गोष्ट आहे. पानाच्या आकारावरून दिलेली नावं, पेकॉप्टेरिस, स्फेनॉप्टेरिस, न्यूरोप्टेरिस, ही खरं तर आकाराची नावं आहेत, कुळाची नव्हेत. घर कुठलं ते ठाऊक नसलेल्या माणसाला 'तो उंच, कुरळ्या केसांचा' म्हणावं तशी.

विद्यार्थ्यांना हे पटवायला मी बाशिंग वर्गात न्यायचे. एकाच कंदाला दोन तऱ्हेची पानं. बुडाशी आखूड, रुंद, बिनदेठाची, लवकर तपकिरी होऊन कागदासारखी वाजणारी. त्यात पालापाचोळा साठतो आणि झाडाला तीच खतमाती. आणि वर लांब देठाची, खोल कापलेली हिरवी पानं, पाठीवर ठिपके असणारी. मी कंद झाकून दोन पानं सुटी टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, किती जाती? चाळीसच्या चाळीस हात म्हणायचे दोन. मग कंद उघडायचा. पुरात वाहून गाळात गेलेल्या झाडाचा कंद एका गावी, पान दुसऱ्या गावी, बीजाणू तिसऱ्याच खाडीत. दगडातल्या प्रत्येक तुकड्याला म्हणून वेगळं नाव द्यावं लागतं, आणि तुकडे जोडलेले सापडेपर्यंत ती नावं वेगळीच ठेवावी लागतात. काही जोड्या लागायला शंभर वर्षं लागली आहेत. काही लागणारही नाहीत.

'चांगला टिकलेला जीवाश्म' म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना समजवताना मला स्वयंपाकघरच बरं पडायचं. पावसाळ्यात चिऱ्याच्या गडग्यावर एक नेचा येतो, त्याच्या पाठीवर पांढरी भुकटी असते. आम्ही लहानपणी ते पान हातावर ठेवून थापटायचो, पान काढलं की कातडीवर पांढरा छाप. दगडातले ठसे असेच: आकार राहतो, पान राहत नाही. दुसरा प्रकार आमच्या विहिरीतला. पान दाबलं गेलं, पाणी निघून गेलं, कार्बनचा पातळ थर उरला. आंबापोळीसारखं. आंब्याचा आकार गेला, पण चव आहे; कधी कधी पानाची त्वचासुद्धा सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. आणि तिसरा प्रकार मोरांब्याचा. फोडीत पाक मुरत जातो, फोड मऊ होऊन विरघळत नाही, आकारानिशी पारदर्शक होते. तशी वनस्पती गारगोटीच्या किंवा चुन्याच्या पाण्यात मुरते. पेशीपेशीत खनिज भरतं आणि भिंती जागच्या जागी राहतात. असा दगड कापून, घासून, कागदाहून पातळ करून पाहिला की वाटतं, काल कापलेली ताजी फांदी आहे.

महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाला पुष्कळजण मुका म्हणतात. लाव्हाच तो, त्यात काय टिकणार? पण लाव्हा एका दमात आला नाही. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दोन उद्रेकांच्या मधल्या काळात जमिनीवर तळी साचली, त्यांत गवत-शेवाळ माजलं, बेडूक ओरडले, आणि मग पुढचा लाव्हा त्यांच्यावर आला. मुंबईच्या वरळीच्या थरांतले चिमुकले बेडूक १८४७ मध्येच जगापुढे आले होते. नागपूरच्या उत्तरेला, मध्य प्रदेशातल्या सौसर-मोहगावच्या बाजूला अशा तळ्यांचा गाळ गारगोटीत मुरला. तिथलं धन जगाला दाखवलं पुरावनस्पतींचे अभ्यासक बिरबल साहनींनी. १९४३ मध्ये त्यांनी तिथली एक फळासारखी कठीण डबी वर्णिली आणि भूशास्त्रज्ञ के. पी. रोडे यांच्यावरून तिला रोडेआयटिस नाव दिलं. ती डबी होती पाणनेच्याची.

त्याच कुळातला पाणनेचा आमच्या कुणग्यांत, भाताच्या खाचरांत, आजही आहे. चार पाकळ्यांचं पान, पाण्यावर पसरलेलं. पोरं त्याला नशिबाचं पान समजून वहीत ठेवतात. भात कापून झाल्यावर चिखल वाळतो तेव्हा त्याच्या देठाच्या बुडाशी मुगाएवढ्या काळपट डब्या सापडतात, दाताने फुटणार नाहीत इतक्या टणक. त्यातली एक घ्यावी, कानशीनं एका कडेला जरा घासावी आणि वाटीभर पाण्यात टाकावी. मी हे किती वेळा केलं असेल, तरी दर वेळी वाटीजवळून हलवत नाही. थोड्या वेळानं डबी उकलते आणि आतून पारदर्शक, फुगीर, जेलीसारखी दोरी बाहेर येऊ लागते, लांब लांब होत जाते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या थैल्या. त्या थैल्यांत मोठे बीजाणू आणि लहान बीजाणू. साहनींनी दगडाच्या चकतीत जे ओळखलं ते हे. जिवंत डबी आधी हातात खेळवलेली असल्याशिवाय दगडातली ओळखू येत नाही, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही.

साहनी आणि एच. एस. राव यांनी सौसरच्या दगडातून अझोलाचीही नामशेष जात वर्णिली. अझोला म्हणजे आता शेतकरी गुरांना खाऊ घालायला हौदात वाढवतात ते तांबूस-हिरवं शेवाळासारखं, तोही नेचाच. त्याचे लहान बीजाणू गोळ्यांत बांधलेले असतात आणि बहुतेक जातींत गोळ्यांवर बारीक केस, टोकाला होडीच्या नांगरासारखे आकडे, मोठ्या बीजाणूला जाऊन अडकण्यासाठी. मालवणच्या माणसाला नांगर समजावून सांगावा लागत नाही. पुढे १९५० मध्ये पुण्याच्या टी. एस. महाबळे यांनी तिथलाच साल्विनिया नावाचा तरंगता नेचा वर्णिला. साहनींनी लखनौला पुरावनस्पतींची संस्था काढली, तिच्या कोनशिलेत जीवाश्म जडवले. ३ एप्रिल १९४९ ला नेहरूंच्या हस्ते ती बसवली गेली आणि आठवड्याभरात साहनी गेले. ती कोनशिला मी विद्यार्थिनी असताना पाहिली. बोट लावायचा धीर झाला नाही.

पण मला सगळ्यात हलवून गेलं ते २००२ मध्ये वाचलेलं. पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या बोंडे आणि कुमारन यांनी दख्खनच्या त्या दगडांतून ॲक्रोस्टिकम ओळखला. ॲक्रोस्टिकम म्हणजे आमच्या खाडीतला तो मखमली पाठीचा नेचा! ज्याच्यात शिरून आम्ही खेकडे शोधायचो, ज्याच्या बुंध्याशी चिखल गुडघाभर. त्याचा पूर्वज, आज समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या दगडात. त्या भागात निपा पामची फळंही दगडात मिळाली आहेत, आणि तोही खाऱ्या-मचूळ चिखलातलाच गडी. म्हणून अभ्यासक म्हणतात की समुद्राचा एखादा फाटा तेव्हा तिथवर पोचला असावा. दगडातला नेचा ओळखता आला म्हणून समुद्राची जुनी वाट शोधता येते. त्या रविवारी ओहोटीला मी खाडीवर गेले, एक पिकलं पान फिरवलं आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. चिखलात पाय रुतत चालले होते तरी.

टिकणं म्हणजे किती टिकावं? स्वीडनमध्ये एका शेतकऱ्याला ज्वालामुखीच्या राखेच्या थरात नेच्याचं खोड सापडलं, साठच्या दशकात. संग्रहालयात ते दशकानुदशकं पडून होतं. २०१४ मध्ये त्याच्या चकत्या पाहिल्या गेल्या तेव्हा पेशींत केंद्रकं दिसली, आणि काही पेशी विभागण्याच्या ऐन मधल्या टप्प्यावर थांबलेल्या, गुणसूत्रांसकट. अठरा कोटी वर्षांपूर्वीची पेशी, दोन होता होता राहिलेली. खनिजाचं गरम पाणी इतक्या झटकन मुरलं की कुजायला सवड मिळाली नाही. केंद्रकाच्या आकारावरून कळलं की आजच्या त्याच कुळातल्या नेच्याएवढाच त्याचा वारशाचा पसारा होता. जात नामशेष, पण घराणं जसंच्या तसं.

गावात परत आल्यापासून लोक माझ्याकडे दगड घेऊन येतात. गेल्या वर्षी वाडीतला एक मुलगा काळ्या दगडाची फोड रुमालात गुंडाळून घेऊन आला. दगडाच्या सपाट अंगावर काळी, बारीक, फांद्या-उपफांद्यांची नक्षी, नेचाच म्हणाल. ते मँगनीजचं खनिज असतं, फटीत झिरपत गेलेल्या पाण्यानं काढलेली रांगोळी. मी त्याला भिंग दिलं आणि म्हटलं, मधली शीर दाखव. त्यानं शोधली, नाही सापडली. दलाची कड दाखव. कड नव्हती, नक्षी नुसती विरत गेलेली. मग म्हटलं, सुरुवात कुठून झालीय बघ. ती दगडाच्या चिरेपासून झाली होती. तो हिरमुसला. मग मी त्याला परड्यातल्या गडग्यापाशी नेलं आणि हंसराजाचं पान उलटं करून भिंगाखाली धरलं. जाताना त्यानं ते पान मागून नेलं.

आमच्या विहिरीतल्या खपलीचं आता सांगायलाच हवं. मी ती माडीवरच्या खिडकीत ठेवली होती, छान दिसावी म्हणून, उन्हात. तिसऱ्या दिवशी कडेनं बारीक चिरा गेल्या. पाचव्या दिवशी पान पापुद्र्यासारखं वर उचललं गेलं. आठवड्यानं पहिला वारा सुटला, पावसाआधीचा, आणि सकाळी खिडकीत फक्त भुगा होता. ओल्या मातीतलं पान उन्हात वाळवायचं नसतं. ओल्या कागदात गुंडाळून, झाकून, सावलीत, महिनोन्महिने हळूहळू वाळू द्यायचं असतं. आणि ढेकूळ फुटलं की दोन्ही अर्ध्या जपायच्या असतात, कारण एकीवर चेहरा असतो तर दुसरीवर पाठ असू शकते. दुसरी अर्धी मी त्याच दुपारी ढिगाऱ्यात टाकून दिली होती. हे माझ्या हातून झालं, आणि इतकी वर्षं झाली तरी त्याची चुटपुट कमी झालेली नाही.

उरलं आहे ते गणिताच्या वहीतलं पेन्सिलचं चित्र. अकरा जोड्या, नीट मोजून काढलेल्या. पुढे मला कळलं की रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याखाली जागोजाग ही काळी लिग्नाइटची, म्हणजे कच्च्या कोळशाची, माती आहे, मायोसीन काळातली मानतात, म्हणजे आजपासून सुमारे दोन कोटी तीस लाख ते पन्नासेक लाख वर्षांच्या दरम्यानची. आणि तिच्यातल्या परागांवर, बीजाणूंवर अभ्यास झालेला आहे. त्यात नेच्यांचे बीजाणू आहेत. पण शेंगांच्या कुळाचे परागही आहेत, चिंच-अशोकाच्या नात्यातले. समोरासमोर दलांच्या जोड्या असलेलं पान त्यांचंही असू शकतं. फरक सांगितला असता तो शिरांनी. नेच्याच्या बारीक शिरा बहुधा दोन-दोन फाटे फोडत कडेला जातात, शेंगवर्गीय झाडाच्या शिरा फाट्याला फाटा जोडत जाळं विणतात. मी भिंग घेऊन ते चित्र कितीदा पाहिलं असेल. प्रत्येक दलात मी एकच सरळ रेघ काढली आहे. दहा वर्षांचं मूल पान काढतं तशी.

म्हणून त्या चित्राखालचं 'नेचा' खोडून मी पेन्सिलनं लिहिलं: 'नेच्यासारखं'.

यंदाच्या मे महिन्यात शेजारच्या वाडीत विहीर खणत होते. सकाळी सात वाजता तो मँगनीजच्या दगडाचा मुलगा धापा टाकत आला, "मावशी, काळी माती लागली! मातयेत पानां आसत!" मी ओली फडकी, वर्तमानपत्रं आणि भाकरीचे दोन डबे घेऊन गेले. दुपारपर्यंत चौदा ढेकळं वेगळी काढली. एक त्याच्याच हातून उघडलं. तळव्याएवढ्या जागेत दलांच्या सहा जोड्या, टोक तुटलेलं. त्यानं दोन्ही अर्ध्या उचलल्या, मला न विचारता, आणि दोन्हींवर एकच आकडा घातला.

ते दोन तुकडे आता आमच्या कोठीच्या खोलीत आहेत, तांदळाच्या कणगीमागे, ओल्या कागदांच्या घड्यांत. चार दिवसांनी एकदा मी कागद बदलते. भिंगाखाली एका दलात शीर दोन फाट्यांत गेलेली दिसते, आणि तो फाटा पुन्हा दोनांत. जाळं कुठे दिसत नाही. एका दलाची कड मात्र आत गेल्यासारखी वाटते, सावली असेल किंवा दुमड असेल. मुलगा शाळा सुटली की रोज दारातून विचारतो, "फिरवलं का?" काच आणली आहे, रस आणला आहे. माती अजून बोटाला गार लागते. गणपतीपर्यंत तरी हात लावायचा नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे.